जड वर्ट, पुरेसं यीस्ट: दहा टक्क्यांची बिअर घरी नीट आंबवताना

१.१०० ग्रॅव्हिटीवर (पाण्याच्या १.००० च्या तुलनेत घनता; साखर जितकी जास्त तितकी ही जास्त) सुरू केलेली बिअर आठ-नऊ दिवसांनी १.०४० वर येऊन थांबते आणि तिथून हलायचं नाव घेत नाही. चव गोडमिट्ट, आणि त्या गोडाखाली घशाला चटका देणारं अल्कोहोल. मग कुणी फर्मेंटर (आंबवण्याचं भांडं) हलवून बघतं, कुणी यीस्टचं आणखी एक पाकीट वरून भुरभुरवतं, कुणी पुन्हा हवा मारतं. हे सगळं वरातीमागून घोडं. जड बिअरचा निकाल यीस्ट घातल्यापासून पहिल्या चोवीस तासांतच जवळजवळ लागलेला असतो: पेशी किती घातल्या, त्या किती धडधाकट होत्या, ऑक्सिजन किती मिळाला आणि वर्ट (माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेलं धान्य, भिजवून काढलेला गोड रस) किती गार होतं. पुढचे तीन आठवडे आपण फक्त त्याचा परिणाम बघत बसतो.

असं का होतं ते आधी समजून घेतलं की पुढची आकडेमोड पाठ करावी लागत नाही. यीस्टच्या पेशीचं आवरण लवचिक राहायला स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं लागतात, आणि ती तयार करायला पेशीला ऑक्सिजन लागतो. वर्टात विरघळलेला ऑक्सिजन काही तासांत संपतो. त्यानंतरही पेशी विभागत राहतात, पण नवं स्टेरॉल तयार होत नाही. आईकडे जे आहे तेच लेकीबरोबर वाटून घ्यायचं, म्हणजे दर पिढीला वाटा निम्मा. दोन-तीन पिढ्यांनी आवरण इतकं कमकुवत होतं की पेशी विभागणं थांबवते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये हे खपून जातं, कारण कमकुवत आवरणाची पेशीसुद्धा तेवढ्या अल्कोहोलात तग धरते. आठ-नऊ टक्क्यांना मात्र तेच आवरण गळायला लागतं, साखर आत ओढणारी यंत्रणा बंद पडते आणि माल्टोट्रायोजसारखी शेवटची, पचायला जड साखर तशीच उरते. त्यात सुरुवातीला जड वर्टातल्या साखरेचा ताण पेशीतलं पाणी बाहेर खेचत असतो, तो वेगळाच. म्हणून जड बिअरला जास्त पेशी घालायच्या. संख्या मोठी दिसावी म्हणून नव्हे, तर त्यांना कमी वेळा विभागावं लागावं म्हणून.

किती पेशी?

हिशेब प्लेटो अंशांत (वर्टात वजनाने किती टक्के साखर, ते) करतात. ग्रॅव्हिटीतले दशांश चिन्हानंतरचे पॉइंट घेऊन चारने भागले की साधारण प्लेटो मिळतं. १.०४८ म्हणजे १२ अंश. वर गेलं की हा ठोकताळा किंचित जास्त दाखवतो, १.१०० चे २५ येतात, पण खरे २४ च्या आसपास असतात. साध्या एलसाठी (उबेत आंबणारी बिअर) दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला साडेसात लाख पेशी पुरतात. १.०७५ च्या पुढे हा दर दहा लाखांवर न्यावा, आणि १.१०० ओलांडलं तर साडेबारा लाखांपर्यंत. लागरला गारव्यात काम करायचं असल्यामुळे साध्या ग्रॅव्हिटीलाच पंधरा लाख धरतात.

२० लिटरचं उदाहरण घेऊ. १.०४८ च्या एलला २०,००० × १२ × साडेसात लाख, म्हणजे १८० अब्ज पेशी. १.१०० च्या एलला २०,००० × २४ × दहा लाख, म्हणजे ४८० अब्ज. ग्रॅव्हिटी दुप्पट झाली, यीस्ट मात्र पावणेतीनपटीच्या जवळ गेलं. ‘दुप्पट जड बिअर, दुप्पट पाकिटं’ हा हिशेब इथेच चुकतो. द्रव यीस्टचं १०० अब्जांचं एक पाकीट टाकणारा तर गरजेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर काम सुरू करतो.

यीस्टची जात निवडताना अल्कोहोल सहनशक्ती बघायचीच, पण पाकिटावरचा तो आकडा यीस्ट नीट वाढवलेलं आणि नीट पोसलेलं असेल तरच खरा ठरतो. सफएल यूएस-०५ आणि त्याच घराण्यातलं डब्ल्यूएलपी००१, नाहीतर नॉटिंगहॅम, ही दहा टक्क्यांच्या बिअरला भरवशाची. लवकर तळाला बसणाऱ्या इंग्लिश जाती चवीला छान असतात, पण काम अर्धवट टाकून खाली जाऊन बसतात. त्या वापरायच्या तर रोज फर्मेंटर हळूच फिरवून त्यांना वर आणायची तयारी ठेवा. पंधरा टक्क्यांच्या पुढे जायचं असेल तर डब्ल्यूएलपी०९९ सारखी खास जात लागते. तो प्रांत वेगळा आहे आणि पहिल्या प्रयत्नात त्यात शिरू नये.

सुकं यीस्ट

सुरुवात करणाऱ्याने सुकंच घ्यावं. ते स्वस्त पडतं, टिकतं, आणि कारखान्यात भरपूर हवेत वाढवलेलं असल्याने स्टेरॉलचा साठा सोबत घेऊनच येतं. पाकिटावर ग्रॅमला किमान सहा अब्ज जिवंत पेशींची हमी असते. ती किमान आहे, प्रत्यक्षात बहुधा कितीतरी जास्त भरतात. म्हणून इथे पेशींपेक्षा ग्रॅमचा हिशेब सोपा: १.०८० ते १.१०० साठी लिटरला एक ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे २० लिटरला साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं. त्याच्या वर गेलात तर लिटरला दीड ग्रॅम, म्हणजे जवळपास तीन.

साध्या वर्टावर सुकं यीस्ट तसंच भुरभुरलं तरी चालतं. जड वर्टावर चालत नाही. सुकलेली पेशी पहिल्या काही मिनिटांत पाणी शोषून आपलं आवरण पुन्हा उभं करत असते, आणि तेवढ्या वेळात काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही यावर तिचा ताबा नसतो. अशा वेळी भोवती घट्ट साखर असली की बऱ्याच पेशी तिथेच मरतात. दोन पाकिटं विकत घेऊन त्यातली काही अशी वाया घालवण्यात काय अर्थ?

यीस्टच्या वजनाच्या दहापट पाणी घ्या. २३ ग्रॅमला २३० मिलि. नळाचं पाणी उकळून गार केलेलं उत्तम. डिस्टिल्ड पाणी नको, कारण थोडे क्षार पेशीला हवे असतात. पाणी ३० ते ३५ अंशांवर आलं की रुंद तोंडाच्या निर्जंतुक भांड्यात यीस्ट पृष्ठभागावर एकसारखं पसरा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. आधी दाणे वर तरंगतात, मग ओले होऊन एकेक करत खाली उतरतात, आणि वर फिकट दाट साय येते. आता निर्जंतुक चमच्याने हलकेच ढवळा, गुठळ्या मोडा, आणखी पाच मिनिटं ठेवा. यात आता वर्ट थोडंथोडं मिसळा: ५० मिलि, पाच मिनिटांनी आणखी ५० मिलि, असं करत यीस्ट आणि वर्ट यांच्यातला फरक दहा अंशांच्या आत आणा. ३२ अंशांचं यीस्ट एकदम १७ अंशांच्या वर्टात ओतलं की त्याला धक्का बसतो. भिजवल्यापासून अर्ध्या तासात ते फर्मेंटरमध्ये गेलंच पाहिजे, कारण त्याची शिदोरी तेवढीच असते.

द्रव यीस्ट आणि स्टार्टर

द्रव यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात किंवा नळीत भरताना १०० अब्ज पेशी असतात (काही उत्पादक हल्ली २०० अब्ज भरतात, पाकिटावर बघा). फ्रीजमध्येसुद्धा महिन्याला साधारण वीस टक्के मरतात असं धरून चाला. दोन महिने जुन्या पाकिटात मग ६४ अब्ज उरल्या. ४८० हव्यात, म्हणजे ४१६ अब्ज घरी वाढवायच्या.

स्टर प्लेटवर (चुंबकाने सतत ढवळणारी तबकडी) फिरणाऱ्या स्टार्टरमध्ये (पेशी वाढवायचं छोटं, हलकं वर्ट) दर ग्रॅम सुक्या माल्ट अर्कामागे साधारण १.४ अब्ज नव्या पेशी येतात. ४१६ ला १.४ ने भागलं की २९७. तीनशे ग्रॅम अर्क. लिटरला शंभर ग्रॅम या प्रमाणात तो विरघळवला की ग्रॅव्हिटी १.०३७ च्या आसपास येते, म्हणजे स्टार्टर तीन लिटरचा झाला. यापेक्षा घट्ट करायचा मोह आवरा. आपल्याला इथे बिअर बनवायची नाही, निवांत वाढलेल्या पेशी हव्या आहेत. ‘जड वर्टात जायचंय, म्हणून जड स्टार्टरमध्ये सवय लावू’ हा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. ताणात वाढलेलं यीस्ट थकूनच कामावर येतं.

अर्क पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, २० ते २२ अंशांपर्यंत गार करा, पाच लिटरच्या फ्लास्कमध्ये यीस्टसह ओता. तोंडाला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) न लावता फक्त फॉइल सैल ठेवा. हवा आत गेली पाहिजे. प्लेटचा वेग इतकाच की पृष्ठभागावर छोटा खळगा दिसावा. चोवीस ते छत्तीस तासांत द्रव दुधाळ-पिवळसर होतो, फेस येऊन बसतो. फ्लास्क मग एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. यीस्ट तळाला पांढऱ्या थरासारखं बसलं की वरचा पातळ द्रव ओतून द्या, कारण तीन लिटर बेचव, ऑक्सिडाइज झालेली बिअर वीस लिटरमध्ये मिसळली तर ती चवीत कळते. थर हलवण्यापुरता द्रव ठेवून फ्लास्क बाहेर काढा आणि वर्टाच्या तापमानाला येऊ द्या.

स्टर प्लेट नसेल तर येता-जाता फ्लास्क हलवत राहा, पण वाढ निम्म्याहून कमी धरा आणि स्टार्टर दोन टप्प्यांत करा: आधी दोन लिटर, बसवून ओतून, त्याच यीस्टवर पुन्हा चार लिटर. एवढं करण्यापेक्षा तिसरा मार्ग बरा.

तो मार्ग म्हणजे आधी त्याच यीस्टवर एक हलकी बिअर करणं. १.०४० ते १.०५० ची, फार कडू नाही, फार गडद नाही. ती बाटलीत भरली त्याच दिवशी तळाचा गाळ निर्जंतुक बरणीत काढा. दाट गाळात मिलिलिटरला सुमारे एक अब्ज पेशी धरल्या तर आपल्याला अर्धा लिटर गाळ पुरतो. तो आठवड्याभरात वापरा. उरलेला सगळा गाळही ओतून ‘असू दे जास्तच’ करू नका: जरुरीपेक्षा फार पेशी घातल्या की त्या जवळजवळ विभागतच नाहीत, जुन्या पेशीच राबतात, फळांचे वास येत नाहीत आणि मेलेल्या पेशींचा मांसरसासारखा वास नंतर वर येतो. दहा टक्क्यांच्या बिअरखालचा गाळ मात्र पुन्हा कशालाच वापरू नये.

ऑक्सिजन

हवेने, म्हणजे फर्मेंटर जोरजोरात हलवून किंवा वर्ट उंचावरून ओतून, साध्या वर्टात जास्तीत जास्त ८ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ८ भाग) ऑक्सिजन विरघळतो. वर्ट जितकं जड तितका तो आणखी कमी विरघळतो, आणि गरज नेमकी उलटी, १२ ते १५ पीपीएमची. रात्र थोडी आणि सोंगं फार, अशी ही अवस्था. द्रव यीस्ट किंवा गाळ वापरत असाल तर शुद्ध ऑक्सिजनचं नळकांडं आणि अर्ध्या मायक्रॉनचा दगड हा खर्च वसूल होतो. दगड तळाशी सोडा, मिनिटाला एक लिटर प्रवाह ठेवा, २० लिटरला दीड मिनिट. बुडबुडे इतके बारीक हवेत की वर पोहोचेपर्यंत बरेचसे विरून जावेत. पृष्ठभाग उकळल्यासारखा दिसला तर प्रवाह जास्त आहे आणि ऑक्सिजन वाया जातोय. शेजारी शेगडी पेटलेली नको, हे सांगायला लागू नये, पण वर्ट करण्याच्या दिवशी ती बहुधा पेटलेलीच असते.

१.०९० च्या वर असाल तर दुसरा डोसही द्या: यीस्ट घातल्यानंतर बारा ते अठरा तासांनी, अर्धा-पाऊण मिनिट. या वेळी पेशी पहिल्यांदा विभागत असतात आणि मिळालेला ऑक्सिजन लगेच गट्ट करतात, त्यामुळे बिअर ऑक्सिडाइज होत नाही. चोवीस तास उलटून गेले, फेस जोरात आला, की हा दरवाजा बंद. तिथून पुढे आत गेलेला ऑक्सिजन ओल्या पुठ्ठ्याच्या चवीखेरीज काही देत नाही.

सुक्या यीस्टला पहिला डोस नाही दिला तरी साठ्यावर निभावतं. पण फार जड वर्टात नुसतं चांगलं हलवलं तरी फायदाच.

जस्ताची कमतरता हेही एक छुपं कारण असतं. जस्त असलेलं यीस्ट न्यूट्रियंट उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत, पाकिटावरच्या मात्रेने घाला. वर्टात साखरेचा वाटा १५-२० टक्क्यांच्या वर गेला तर माल्टमधून येणारा नायट्रोजनही पातळ होतो, तेव्हा न्यूट्रियंट टाळूच नका.

वर्ट, तापमान, फेस

मॅश, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६४ ते ६५ अंशांवर, ७५ ते ९० मिनिटं. जड बिअरला अंग आपोआप येतं, त्यासाठी ६८ वर मॅश करून न आंबणारी साखर वाढवली तर शेवटी पाक उरतो. जड मॅशमधून साखरेचा उतारा कमी मिळतो हेही धरा. एरवी ७५ टक्के मिळत असेल तर इथे ६५. त्या हिशेबाने २० लिटर १.१०० साठी पेल माल्ट सव्वादहा-साडेदहा किलो लागेल. भांडं तेवढं मोठं नसेल तर उरलेले पॉइंट सुक्या अर्काने भरा, त्यात कमीपणा नाही.

वर्ट १७ अंशांपर्यंत गार करूनच यीस्ट घाला. पहिले तीन दिवस बिअर १८-१९ वर धरायची. खोली नव्हे, बिअर. सेन्सर फर्मेंटरच्या बाजूला चिकटवून वर फोमचा तुकडा लावा, म्हणजे तो आतलं तापमान वाचेल. जड बिअर जोरात असताना आजूबाजूच्या हवेपेक्षा सहज पाच-सहा अंश वर जाते, आणि घशाला चटका देणारी फ्यूजेल अल्कोहोलं याच वाढीच्या दिवसांत तयार होतात. ती पुढे यीस्ट काढून घेत नाही आणि मुरवत ठेवूनही फारशी जात नाहीत. गार करायला फ्रीज नसेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदला. चौथ्या दिवसापासून उलट करायचं: दिवसाला एक अंश वाढवत २१-२२ पर्यंत न्या. उतरणीला लागलेलं यीस्ट याच वेळी गार पडलं तर गळाठतं. बर्फाच्या बाटल्यांची सवय लागलेले लोक नेमके इथे चुकतात.

वीस लिटर वर्टाला फर्मेंटर २७-३० लिटरचा हवा. पहिले चार दिवस एअरलॉकऐवजी बोटाएवढी जाड नळी लावून तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या बादलीत बुडवा. छोट्या एअरलॉकमध्ये हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणारी फुलं) चोथा अडकला की आधी शिट्टीसारखा आवाज येतो आणि मग झाकण छताला जातं.

साखर घालायची तर नंतर

एक किलो साखर २० लिटरमध्ये १९ पॉइंट वाढवते. ती सुरुवातीलाच घातली तर वर्टाचा ताण वाढतो. शिवाय यीस्ट सोपी साखर आधी खातं आणि माल्टोज पचवणारी यंत्रणा तोवर बाजूला ठेवतं; कधीकधी पुन्हा तिच्याकडे वळतच नाही. त्यापेक्षा वर्ट १.०८० चं करा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेस खाली बसू लागला की साखर अर्धी-अर्धी करून दोन दिवसांत द्या. प्रत्येक वेळी अर्ध्या किलोला पाव लिटर पाणी, उकळून, गार करून, हळू ओतायचं. कोरडी साखर ओतलीत तर बिअरमध्ये विरघळलेला वायू तिच्या प्रत्येक कणावर सुटतो आणि फेसाचं कारंजं उडतं. यीस्टचा हिशेब मात्र १.०८० वर न करता साखर धरून होणाऱ्या १.०९९ वरच करा, कारण शेवटचं अल्कोहोल तेवढंच असणार आहे.

वाट बघताना

१.१०० ची बिअर सगळं जुळून आलं तर बारा ते चोवीस तासांत फेसाळते, तिसऱ्या दिवशी १.०६० च्या आसपास, सहाव्या दिवशी १.०३५ आणि दोन आठवड्यांत १.०२५ ला येते. ७५ टक्के उतार म्हणजे हाच आकडा. १०० मधून २५ गेले, उरले ७५; .०७५ ला १३१ ने गुणलं की ९.८ टक्के अल्कोहोल. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) मोजत असाल तर अल्कोहोलची दुरुस्ती केल्याशिवाय वाचन खरं मानू नका, १.०२५ ची बिअर त्यावर १.०५० च्या जवळपास दिसते आणि नसलेल्या बिघाडावर उपाय सुरू होतात. हायड्रोमीटर (द्रवात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी काचेची नळी) वापरा, नमुन्यातला वायू दोन-तीनदा ओतून घालवा, आणि तापमान उपकरणावर छापलेल्या अंशाला आणून मग वाचा.

पहिल्याच दिवशी एक छोटं काम करून ठेवलं तर पुढचा घोळ टळतो. पाव लिटर वर्ट बाटलीत वेगळं काढा, त्यात अंमळ जास्तच यीस्ट टाका आणि २५-२६ अंशांवर ठेवून अधूनमधून हलवा. चार-पाच दिवसांत ते जिथे थांबेल ती तुमच्या वर्टाची खरी तळरेषा. ते १.०२६ ला थांबलं आणि फर्मेंटर १.०२७ वर असेल तर बिअर अडकलेली नाही, संपली आहे. फर्मेंटर १.०४० वर असेल तर अडकली आहे.

अडकलेल्या बिअरला आधी २३ अंशांपर्यंत ऊब द्या आणि झाकण न उघडता फर्मेंटर गोल फिरवून यीस्ट वर आणा. तीन दिवसांत दोन-तीन पॉइंट तरी हलले पाहिजेत. नाही हलले तर नवं यीस्ट घालायचं, पण सुकं भुरभुरायचं नाही. आठ टक्के अल्कोहोलात भिजायला उतरलेली पेशी जगत नाही. एक लिटर १.०४० चा स्टार्टर करा. त्यावर पूर्ण फेस असताना अडकलेल्या बिअरमधली २५० मिलि त्यात घाला. काही तासांनी तो पुन्हा फेसाळला की अर्धा लिटर घाला, पुन्हा फेस आला की सगळं फर्मेंटरमध्ये. थंड करून, बसवून, निव्वळ थर घालायचा नियम इथे लागू नाही. इथे पळतं यीस्टच हवं.

शॅम्पेन यीस्टचा सल्ला मिळेल, कारण त्याची अल्कोहोल सहनशक्ती मोठी. पण उरलेली साखर बरीचशी माल्टोट्रायोज असते आणि ते यीस्ट तिला फारसं हात लावत नाही. वर ईसी-१११८ सारख्या जाती मारेकरी प्रथिन सोडून उरलंसुरलं एल यीस्टही संपवतात. ग्लुकोअमायलेज एन्झाइम (न आंबणारी साखर तोडून आंबण्याजोगी करणारं) टाकलं की बिअर नक्की उतरते, पण कुठे थांबेल यावर ताबा राहत नाही. ते शेवटचं शस्त्र.

बाटली

आठवड्याभरात तीन वाचनं सारखी आल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. एक पॉइंट उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) वायू तयार होतो. १.०२९ वर भरलेली बिअर बाटलीत १.०२५ ला आली तर घातलेल्या साखरेखेरीज आणखी दोन व्हॉल्यूम, आणि साध्या बाटलीला तेवढं पेलत नाही.

त्याच्या उलट अडचण जास्त वेळा येते: यीस्ट इतकं दमलेलं असतं की बाटलीत वायूच तयार होत नाही. म्हणून भरताना ताजं यीस्ट द्या. सीबीसी-१ हे यीस्ट यासाठीच बनवलेलं आहे. २० लिटरला दोन ग्रॅम, वर सांगितल्यासारखं भिजवून, लिटरला सहा ग्रॅम साखरेच्या पाकाबरोबर, फेस न करता मिसळायचं. बाटल्या २०-२२ अंशांवर ठेवा. हलकी बिअर दोन आठवड्यांत तयार होते, हिला चार ते सहा लागतात. पहिली बाटली चौथ्या आठवड्यात उघडा. सपाट निघाली तर बाकीच्या एकदा उलट्या-सुलट्या करून तळाचं यीस्ट हलवा, दोन अंश अधिक उबेत सरकवा आणि आणखी दोन आठवडे सोडा. चटका मऊ व्हायला तीन महिने धरा.